सोमवारची वाटी

“सोमवार धरलास, बरं केलंस. पण दुपारी वाटीभर खिचडी खायची म्हंजी खायची. उपाशी बाईचं दूध पोराच्या अंगी लागत न्हाय. चुकवायची न्हाय, कळलं का?”

राजेश्वरीच्या सासूबाई, चन्नम्मा, हे बोलल्या त्याला चोवीस वर्षं झाली. त्या गेल्या त्यालाही आठ वर्षं होऊन गेली. तरी बाळीवेशीतल्या त्या घरात दर सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला कढईत तूप पडे, जिरं तडतडे, रात्री भिजवलेला साबुदाणा पडे, वर दोन मुठी शेंगांचं कूट पडे, आणि ढवळता ढवळता राजेश्वरीला तो आवाज पाठीमागं कुणी उभं असल्यासारखा ऐकू येई. मग ती देवापुढं नैवेद्य दाखवी आणि सासूबाईंची काशाची वाटी शेवटच्या दाण्यापर्यंत रिकामी करी. मोठ्यांच्या शब्दाला ती अशी जागत आली होती.

तिचा सगळा दिवसच अशा शब्दांनी बांधलेला होता. पहाटे उठून सडा-रांगोळी, कपाळाला विभूती, इष्टलिंगाची पूजा, मोजून एकवीस बेलाची पानं. हे झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. सोमवार आधी ती सासूबाईंच्या सोबतीनं करायची. शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिचा हात धरून “आता माझाबी तूच धर” म्हटलं, तेव्हापासून तो दोघींचा मिळून झाला. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा, मुलगा संगमेश दहावीला असताना धरलेला. शनिवार नवऱ्याच्या साडेसातीत धरलेला. साडेसाती संपली, संगमेश पुण्यात नोकरीला लागला, पण गुरुवार आणि शनिवार आपापल्या जागी राहिले. वर संकष्टी होतीच.

म्हणून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या लिव्हरचं चित्र दाखवलं आणि “यात चरबी आहे, बरीच आहे” म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, रिपोर्ट बदलला असेल.

“साहेब, मी आठवड्यातले तीन दिवस उपाशी असते,” ती हळूच म्हणाली.

डॉक्टर वयानं लहानच होते, पण हसले नाहीत. “बावीस टक्के आहे, बाई. दहाच्या आत आल्याशिवाय मी तुमच्या लिव्हरचा तुकडा काढू शकत नाही. तुमच्या जिवाला धोका, आणि भावालाही ते नीट लागू पडणार नाही. आठ आठवडे देतो. वजन सहा-सात किलो उतरवा, मग पुन्हा बघू.”

“तोवर तो...?”

“औषधांवर निभावेल असा अंदाज आहे.” थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, “अंदाज.”

तिचा धाकटा भाऊ सिद्धराम चाळिशीचा होता. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, तरी लिव्हर गेलं म्हटल्यावर ओळखीचे लोक एकमेकांकडं बघायचे. त्याचंही मूळ चरबीतच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षं ती साठत गेली, मग सूज आली, मग आतलं मऊ मांस जुन्या चपलेच्या चामड्यासारखं होत गेलं. आई-वडील नव्हते. बायकोचा, विजयमालाचा, रक्तगट जुळत नव्हता, संगमेशचाही नाही. दोन्ही मुली शाळकरी. जुळणारी आणि नात्यातली अशी एकटी राजेश्वरी उरली होती.

पुण्याहून आल्यावर ती तशीच त्याच्या घरी गेली. सिद्धराम खाटेवर उशांना टेकून बसला होता. डोळे हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे, हातापायांच्या काड्या, आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं.

“काय म्हनला डॉक्टर?” त्यानं विचारलं.

“माझ्या लिव्हरला चरबी हाय म्हणाला.”

सिद्धराम उशीवरून जरा पुढं झाला. मग म्हणाला, “अक्का, तुझ्या? तू तर देवाला निम्मं पोट देऊन बसलीयास.”

“आठ आठवडे दिलेत.”

“असू दे गं. न्हाय जमलं तर न्हाय जमलं. तुझं लिव्हर माज्यात आलं तर मलाबी सोमवार धराय लागंल, त्याचंच मला भ्या वाटतंय.”

पदराआड तोंड करून विजयमाला आत गेली. राजेश्वरीनं त्याच्या पायावर, सुजलेल्या घोट्यावर, हात ठेवला. बोटाचा खळगा तसाच राहिला, वर आला नाही. ती म्हणाली, “सिद्धू, आठ आठवड्यांत मी तुला देण्याजोगी होते. देवाला साक्ष ठेवून सांगते.”

तो काही बोलला नाही. तिच्या शपथा कशा असतात हे त्याला ठाऊक होतं.

नव्या पेठेच्या मागच्या बोळात इफ्रा नावाची आहारतज्ज्ञ बसायची. तिशीच्या आतली, डोक्यावर ओढणी, टेबलावर चार-पाच मापाच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. राजेश्वरीचा रिपोर्ट तिनं दोनदा वाचला.

“काकू, सोमवारी काय काय खाता ते सांगा.”

“सोमवारी काही खात नाही. उपास असतो.”

“काहीच नाही?”

“खिचडी तेवढी. वाटीभर.” आणि खोटं बोलायचं नाही म्हणून राजेश्वरीनं टेबलावरच्या वाट्यांकडं बघून पुढं सांगितलं, “यातली नाही. आमची काशाची, मोठी आहे. यातल्या तीन बसतील.”

“बरं. सकाळी?”

“दूध, साखर घालून. दोन केळी.”

“संध्याकाळी?”

“बटाट्याचा कीस. नाहीतर भगर आणि शेंगादाण्याची आमटी. दाण्याचा लाडू एक.” ती थांबली. “दोन.”

“गुरुवारी, शनिवारी?”

“तेच.”

इफ्रानं पेन खाली ठेवलं. “काकू, माझी दादी होती, सुगराबी. रोज्याला दिवसभर थेंब पाणी नाही. आणि इफ्तारला भजी, शरबत, वर दूध-फेण्या. ईद येईपर्यंत तीन किलो वाढायची. आम्ही म्हणायचो, दादी, तुम्हाला रोजे मानवतात हां.”

राजेश्वरीला हसू आलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

“साबुदाणा म्हणजे कंदाचं पीठ, दुसरं काही नाही त्यात,” इफ्रा समजावून सांगू लागली. “पोटात गेला की लगेच त्याची साखर होते. एवढी साखर अंगाला एकदम लागत नाही. मग लिव्हर काय करतं, उरलेल्या साखरेची चरबी करून ठेवतं. पुढं लागेल म्हणून. घरात शेंगांचं पोतं भरून ठेवतात तसं. पण ते पोतं उघडायच्या आतच तुमचा गुरुवार येतो, मग शनिवार येतो. पोत्यावर पोतं.”

“आणि ज्वारी? ज्वारीचं पण पीठच असतं की.”

“असतं. पण तिच्या पिठात कोंडा असतो. ती सावकाश उतरते, एकदम साखर होऊन अंगावर येत नाही. तिच्याबरोबर हुलगा घ्या, मटकी घ्या, अंबाडी, हरभऱ्याची भाजी. कारळाची नाहीतर जवसाची चटणी चमचाभर. जे तुरट, कडू, चिवट असतं ना, ते पुष्कळदा पोटात रेंगाळतं, आणि आपल्याला तेच हवंय.”

“मेथीच्या पाण्यानं चरबी वितळते म्हणतात.”

“मेथी चांगली. साखरेला थोडा लगाम घालते. पण वितळवत कुणी काही नाही, काकू, तो जाहिरातीतला शब्द. अंगातली चरबी अंगच वापरतं, त्याला वापरायला उसंत दिली तर. रोज पाऊण तास चाला. आणि खिचडी बंद करा, केळी, लाडू, साखरेचं दूध बंद करा.”

बाकीचं सगळं राजेश्वरीनं मान हलवून घेतलं. खिचडीपाशी ती अडली. “ती सासूबाईंची आज्ञा आहे,” ती म्हणाली. “चुकवायची नाही म्हणून सांगितलंय त्यांनी.”

इफ्रानं समोरच्या वाट्या बाजूला सारल्या. “उपास मोडा असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. तुमच्यात मोठं कुणी असेल त्यांना विचारा.”

मोठं असं कोण होतं? भिंतीवरच्या फोटोत चन्नम्मा, नाकात नथ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांनी परत काही बोलावं अशी सोय नव्हती.

मग राजेश्वरीनं आपल्या मनानंच वाट काढली. केळी, लाडू, साखरेचं दूध, सगळं सोडलं. गुरुवारी आणि शनिवारी ताक आणि काकडीवर राहू लागली, ते दोन्ही उपास तिचे स्वतःचेच होते, त्यांत तिला मुखत्यारी होती. चालण्याचं तिनं व्रतच केलं. सिद्धेश्वरांनी गावाच्या भोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं आहेत, त्यांतली तीन-चार रोज पायी करायची आणि ओळीनं सगळी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पायाला फोड आले, मग त्याचे घट्टे झाले. पण सोमवारची वाटी तिनं सोडली नाही. उलट बाकीचे दिवस पोटाला चिमटा घेतल्यामुळं सोमवारी हात आवरेना. सासूबाईंच्या शब्दाखाली ती खिचडी पुरेपूर खायची, वर कढईला लागलेली खरवड खायची, आणि मग दिवसभर अपराध्यासारखी वावरायची.

तीन आठवड्यांनी इफ्राच्या काट्यावर ती उभी राहिली. दीड किलो उतरलं होतं.

“या चालीनं आठ आठवड्यांत चार होतील,” इफ्रा म्हणाली. रागावली नाही, आकडा फाईलमध्ये लिहिला.

त्याच आठवड्यात सिद्धरामच्या पोटातलं पाणी सुईनं काढावं लागलं. सहा बाटल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी विजयमाला राजेश्वरीकडं आली. तिचे डोळे जागून तारवटले होते. पिशवीतून तिनं एक डबी काढली. हिरव्या रंगाची, वर एका फळाचं चित्र.

“अक्का, ह्ये घ्या. आमसुलाच्या भावकीतलं फळ हाय म्हनं, त्याच्या सालीचा अर्क. चरबी धरूच देत न्हाय. आमच्या गल्लीतल्या एकीचं महिन्यात आठ किलो उतरलं. झाडाचंच हाय, औषध न्हाय काय न्हाय.” बोलता बोलता तिनं राजेश्वरीचे दोन्ही हात धरले. “मी तुमाला घाई करत न्हाय. पर त्ये दिवसेंदिवस...”



राजेश्वरीनं डबी देवापुढं ठेवली. रोजच्या पूजेला ती तिथंच दिसायची. झाडाचं आहे. आमसूल आपण सारात घालतोच की. दोन दिवस तिनं झाकण फिरवून पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी ती डबी पदराखाली घेऊन इफ्राकडं गेली, कारण न विचारता गोळी घेणं तिला चोरीसारखं वाटत होतं.

इफ्रानं डबीमागचा बारीक मजकूर वाचला. “यातली किती घेतली?”

“एकही नाही.”

“अल्लाचे उपकार.” तिनं डबी आपल्याकडं ओढून घेतली. “आमसूल सारात घाला, चांगलं आहे. पण ढीगभर सालींचा कस काढून तो एका गोळीत दाबला की ते फळ राहत नाही. असल्या अर्कांनी लिव्हर सुजलेले लोक आहेत, काकू. मी स्वतः एक पाहिलाय. तुमचा भाऊ ज्याच्यासाठी थांबलाय तेच तुम्ही पणाला लावणार होता.”

“लवकर व्हावं म्हणून...”

“माहीत आहे मला.” इफ्राचा आवाज खाली आला. “पण तुमच्याकडं उपास आहेत, पाय आहेत, आणि पाच आठवडे आहेत. सोमवारचं तेवढं बघा.”

पुढच्या सोमवारी अक्कलकोटहून राजेश्वरीची नणंद आली. श्रीदेवी, चन्नम्मांची थोरली मुलगी. आईला अव्वा म्हणायची, निम्मं मराठीत आणि निम्मं कानडीत बोलायची, आणि दोन्हींत फटकळ. सिद्धरामला बघायला म्हणून आली होती. घरात शिरली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि कढई बघून दारातच थांबली.

“ह्ये काय चाललंय, वैनी?”

“खिचडी, वन्सं. सोमवार आहे.”

“ती दिसतीय मला. खातंय कोन?”

“मीच. आत्याबाईंनी सांगितलेलं. चुकवायची नाही म्हणून.”

श्रीदेवीनं पाट ओढला आणि बसली. “कवा सांगितलं?”

“संगमेश झाला तेव्हा.”

“व्हय. मी हितंच हुते की तवा, या चुलीम्होरं. तू बाळंतपणातनं उठून सव्वा महिना झाला नसंल, आणि म्हनं सोमवार धरते. अव्वानं कपाळाला हात लावला. म्हनली, ह्या पोरीला न्हाय म्हनलं तर ती चोरून उपाशी ऱ्हाईल, त्यापरीस खिचडी खाऊ घाल.” ती थांबली. कढईकडं बघितलं, राजेश्वरीकडं बघितलं. “वैनी, संगमेश अजून अंगावर पितोय व्हय?”

राजेश्वरीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. खिचडी खाली लागल्याचा वास येऊ लागला, तेव्हा श्रीदेवीनंच उठून गॅस बंद केला.

“अव्वा काय खायची सोमवारी, आठवतंय का तुला?”

आठवत होतं. न आठवायला काय झालं? सतरा वर्षं तिनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं. दिवसभर काही नाही, तहान लागली तर ताक. दिवेलागण झाली, देवापुढं निरांजन लागलं, की मगच ताट. एक भाकरी, पातळ, पापडासारखी. अंबाडीची नाहीतर कुठलीही पालेभाजी. आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, गुळाचा खडा न घालता. तेवढं खाऊन त्या सोमवार सोडायच्या आणि ताट धुऊन उपडं घालायच्या. साबुदाण्याला त्या कधी शिवल्या नाहीत.

हे सगळं तिला माहीत होतं. तरी तिनं त्यांचं ताट कधी आपलं मानलं नाही, वाटी तेवढी आपली मानली. बाळंतिणीला दिलेली सूट होती ती. देणारी द्यायची ती देऊन गेली, परत घ्यायची तिला आठवण राहिली नाही, आणि घेणारीनं कधी आठवण करून दिली नाही. चोवीस वर्षं. राजेश्वरी जमिनीवर बसली.

“मी आज्ञा पाळतेय असं समजत होते, वन्सं.”

“पाळलीसच की. जरा जास्तीच पाळलीस.” श्रीदेवीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “मनाला लावून घिऊ नको. अव्वानं मायेनं दिलेलं हाय, त्यात पाप कुटनं आलं? पर माया आपल्यापशी किती दिस ठेवायची, ह्ये बघावं लागतंय.”

बाहेर कुणाच्या तरी घरात तान्हं मूल रडत होतं. समोरच्या ऋतुजाचं. बाळंत होऊन तिला दोन महिने झाले होते, सासर-माहेर दोन्ही लांब, नवरा कामावर. राजेश्वरीनं ते रडणं ऐकलं आणि ती उठली.

तिनं वरवरची, न करपलेली खिचडी काढली आणि सासूबाईंची काशाची वाटी भरली. फोटोसमोर नेऊन ठेवली. वर एक बेलाचं पान ठेवलं, हात जोडले. व्रत पुरं झालं की उद्यापन करतात, सवाष्णीला जेवू घालतात, हे तिला माहीत होतं. सुटीचं उद्यापन असतं का हे माहीत नव्हतं. तिनं पुटपुटून एवढंच म्हटलं, “आत्याबाई, तुमची वाटी पोचली. आता पुढं देते.”

वाटी पदराखाली झाकून ती गल्ली ओलांडून गेली. ऋतुजा पोराला खांद्यावर घेऊन दारातच येरझारा घालत होती. केस विंचरलेले नाहीत, चेहरा उतरलेला.

“काही खाल्लंस का?”

“आज सोमवार की, काकू. सासूबाई फोनवरनं म्हणाल्या, धर म्हणून.”

“धर. पण दुपारी हे खायचं म्हणजे खायचं.” राजेश्वरीनं वाटी तिच्या हातात दिली आणि मूल आपल्याकडं घेतलं. “उपाशी आईचं दूध पोराला लागत नाही. आणि ऐक, पोरगं वरचं खायला लागलं की ही खिचडी सोडायची. मी येऊन सांगेन. मी नाही आले, तर तू विसरू नको.”

ऋतुजा उभ्या उभ्याच खाऊ लागली. राजेश्वरी मुलाला थोपटत तिथंच बसून राहिली, वाटी रिकामी होईपर्यंत.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागल्यावर तिनं ताट वाढून घेतलं. एक भाकरी, अंबाडी, माडगं. माडगं तुरट लागलं. श्रीदेवी समोर बसून बघत होती. “कसं लागतंय?” तिनं विचारलं.

“आत्याबाईंना कसं आवडायचं कुणास ठाऊक.”

“आवडायचं कुटं? नाक मुरडून प्यायची की.” दोघी हसल्या.

पहिले दोन सोमवार जड गेले. दुपारी बाराला पाय आपोआप कढईकडं वळायचे. ती मग चपला घालून लिंगांच्या वाटेला लागायची. चक्कर यायला लागली तर ताक प्यायचं, हट्ट करायचा नाही, असं इफ्रानं बजावलं होतं, आणि ते तिनं पाळलं. संक्रांत आली. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरली, गावभर भज्यांचा आणि गोड पाकाचा वास पसरला. घरोघरचा तिळगूळ तिनं हातात घेतला, कपाळाला लावला आणि ऋतुजाच्या डब्यात टाकला. जत्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक निघाली त्या दिवशी ती गर्दीच्या कडेला उभी राहिली आणि सिद्धरामच्या नावानं तिनं एकच गोष्ट मागितली, वेळ.

वेळ सरळ मिळाला नाही. सहाव्या आठवड्यात सिद्धरामला भ्रम झाला. घरातल्यांची नावं चुकू लागली. राजेश्वरी भेटायला गेली तर तो तिला आईच्या नावानं हाक मारत होता. तीन दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं. शुद्ध आली तेव्हा तिच्याकडं एकटक बघून म्हणाला, “अक्का, तू बारीक झालीस. का माज्या डोळ्यांचंच काय झालंय?”

“झालेय बारीक.”

“किती?”

“साडेपाच.”

त्यानं डोळे मिटले. “मग थांबतो की जरा,” तो म्हणाला.

सातव्या आठवड्याच्या शेवटी ती बसवराजबरोबर, नवऱ्याबरोबर, पुण्याला जाऊन पुन्हा मशीनमध्ये झोपून आली. उत्तर दोन दिवसांनी फोनवर येणार होतं. ते आलं तेव्हा ती तुळशीपाशी वाती वळत होती. फोन बसवराजनं घेतला. ऐकून घेतलं, “बरं, बरं” म्हणाला, ठेवला, आणि मग दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

“आठ टक्के,” तो म्हणाला. “सोमवारी संध्याकाळपर्यंत दोघांनी दाखल व्हायचं.”

तिनं हातातली वात पुरी वळली आणि ताम्हणात ठेवली. मग तिला रडू आलं.

त्याला भीती वाटत होती, हे तिला दिसत होतं. दोन रात्री तो कूस बदलत होता. रविवारी जेवताना त्यानं एकदाच विचारलं, “नक्की ना?” तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “तुम्ही बेलाची पानं मोजून घाला तेवढे दिवस. एकवीस. फाटकं पान घालू नका.” संध्याकाळी तो बेलाच्या झाडाखाली उभा राहून पानं निरखताना तिला दिसला.

सोमवारी ती नेहमीसारखी पहाटे उठली. सडा, रांगोळी, पूजा. एकवीस पानं तिनं त्या दिवशी बसवराजच्या हातून घालून घेतली आणि आपण बाजूला बसून मनातल्या मनात मोजली. सिद्धराम आणि विजयमाला रुग्णवाहिकेतून निघणार होते. राजेश्वरीनं बसवराजबरोबर सकाळच्या गाडीनं पुढं जायचं, असं ठरलं होतं.

श्रीदेवी आदल्या दिवशीच घर सांभाळायला आली होती. तिनं एका फडक्यात काहीतरी बांधून पिशवीत सारलं.

“काय आहे, वन्सं?”

“भाकरी आणि भाजी. अंबाडीचीच हाय. दिवा लागल्यावर खायची. तितं दिवा नसंल, तर दवाखान्यातलं लाइट लागलं की खा. अव्वा काय म्हनायची न्हाय.”

“दाखल झाल्यावर काय खायचं ते डॉक्टर सांगतील.”

“मग त्यांना विचार. पर घिऊन जा.”

राजेश्वरीनं फडकं पिशवीत नीट ठेवलं, वर रिपोर्टची फाईल ठेवली. फोटोला नमस्कार केला. काशाची वाटी जागेवर नव्हती. ती ऋतुजाकडंच राहिली होती, आणि ती परत मागायची नाही असं तिनं ठरवलं होतं.

समोरच्या दारात ऋतुजा पोराला घेऊन उभी होती. पोराचे गाल वर आले होते. राजेश्वरीनं जाता जाता त्याच्या तळव्याला बोट लावलं, त्यानं ते मुठीत धरलं. तिनं जरा वेळ तसंच धरू दिलं, मग हळूच सोडवून घेतलं.

बसवराज पिशवी घेऊन पुढं गेला होता. गल्लीत अजून ऊन उतरलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या लिंगापाशी तिनं चपला काढल्या, हात जोडले, चपला घातल्या, आणि एका हातानं पोटाच्या उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, जरासं दाबून धरत ती स्टेशनच्या वाटेला लागली.